हौदा आणि मैदान

अंतिम सामन्यात आमच्या गोलरक्षकाने एकूण १९ वेळा चेंडू उंच मारून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धाडला आणि त्यांपैकी चारच वेळा तो आमच्या खेळाडूला मिळाला. हा हिशेब माझा नव्हे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातला, संघात जागा न मिळूनही रोज सरावाला येणारा एक मुलगा वहीत असल्या नोंदी ठेवत असे, कारण त्याला काहीतरी काम द्यावे म्हणून मीच ते सांगितले होते. सामना संपल्यावर तीन दिवसांनी त्याने ती वही माझ्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. मी अठरा वर्षे बडोद्यातल्या एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे, आणि या अठरा वर्षांत माझ्याविषयी इतके नेमके कोणी काही लिहिलेले नाही. त्या आकड्यांच्या ओळीत माझे नाव कोठेही नव्हते, तरी ती ओळ माझ्याचबद्दल होती.

महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम म्हणजे जुलै ते डिसेंबर. प्रवेश आटोपले की निवड चाचणी, मग पावसात जमेल तेवढा सराव, मध्ये गणपती, नवरात्र, परीक्षा, दिवाळीची सुटी आणि सुटीनंतर आठवड्याभरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. स्पर्धा बाद पद्धतीची असल्याने पहिल्याच दिवशी हरलात तर पाच महिन्यांचे सगळे नव्वद मिनिटांत संपते. २०२४ च्या जुलैत चाचणीला ४३ मुले आली. त्यांतली निम्मी क्रिकेटच्या चाचणीत नाकारली गेलेली होती, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही, कारण बडोदे हे क्रिकेटचे गाव आहे. १९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या होत्या; ती भागीदारी आमच्या कार्यालयातले निवृत्तीला आलेले लिपिक आजही काल पाहिल्यासारखी सांगतात, जरी तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता. आमचा सराव सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला आणि ३१ जुलैला अंशुमान गायकवाड गेले. दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलांनी स्वतःहून दोन मिनिटे शांतता पाळली. फुटबॉलच्या संघाने क्रिकेटपटूसाठी उभे राहावे यात कोणालाच काही वेगळे वाटले नाही. उलटे कधी घडेल असे मात्र मला वाटत नाही, कारण संतोष ट्रॉफीची स्पर्धा १९४१ पासून चालू असूनही गुजरातच्या संघाने ती एकदाही जिंकलेली नाही.

४३ पैकी २२ उरले. मी त्यांना त्यांच्या गावावरून किंवा पेठेवरून हाक मारतो. ही बडोद्याची जुनी सवय आहे आणि गुजरातीतल्या ‘वाला’ने ती फार सोपी केली आहे. कर्णधार डभोईवाला, म्हणजे डभोईहून रोज बसने येणारा मध्यरक्षक; पादऱ्याचा विंगर; मकरपुऱ्याचा दुसरा मध्यरक्षक; फतेगंजचा उंच बचावपटू; वाघोडियाचा एक लहानखुरा मुलगा, ज्याला मी बाविसावा म्हणून घेतले; आणि आमच्याच दांडिया बाजारातला गोलरक्षक. या शेवटच्याची आई मला भाजी घेताना मंडईत भेटली, तेव्हा म्हणाली होती, “अहो सर, दहावीला चांगले मार्क होते हो याला. तुम्ही याला नुसते गोलात उभे करता, त्याऐवजी निदान पळवा तरी. घरीसुद्धा उभाच असतो, फ्रिजसमोर.” त्या वाक्याचा उत्तरार्ध मी विसरलो, पूर्वार्ध पुढे फार उपयोगी पडला.

माझा स्वतःचा फुटबॉल बडोद्याच्या पोलो मैदानावर घडला. नव्वदीच्या दशकात मी डाव्या बाजूचा बचावपटू होतो आणि माझी कीर्ती, असलीच तर, लांब मारण्याची होती. त्या काळच्या आमच्या मैदानांवर जमिनीलगत पास देणे हे वेडेपण होते. काळ्या मातीत उन्हाळ्याने पडलेल्या भेगा पावसाने अर्धवट बुजलेल्या असत, सायकलींच्या चाकोऱ्या असत, म्हशींची पावले असत; सरळ दिलेला चेंडू तीन मीटरांवर जाऊन वाकडा उडे. तेव्हा मागून उंच मारायचा आणि पुढे पळायचे, एवढेच शहाणपण होते, आणि त्या जमिनीवर ते खरेच शहाणपण होते. पुढे मी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला, चार-चार-दोनची रचना शिकलो, फळ्यावर बाण काढायला शिकलो. बाण बदलले, पण ते ज्या दिशेने जात ती दिशा पोलो मैदानाचीच राहिली.

ऑगस्टच्या २६ तारखेला जन्माष्टमी होती. त्याच दिवसापासून जो पाऊस लागला आणि आजव्याच्या तलावाचे पाणी ज्या प्रमाणात नदीत उतरले, त्याने विश्वामित्रीने पुढच्या दोन दिवसांत पस्तीस फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण त्याच्या दहाएक फूट खाली आहे. आमचे मैदान नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुलावरून पाहिले तेव्हा सगळीकडे एकच तपकिरी पाणी होते आणि त्यातून दोन ठिकाणी गोलचे आडवे दांडे वर आलेले होते, त्यांच्याखाली हातभर जागा उरलेली. गोलचा आडवा दांडा जमिनीपासून २.४४ मीटरांवर असतो, हे मी दरवर्षी नव्या मुलांना पाठ करायला लावतो. पाण्याची खोली मोजायला तो आकडा कधी वापरावा लागेल असे वाटले नव्हते.

पाणी उतरले तेव्हा मैदानावर घोट्याच्या वर गाळ होता, जाळीत जलपर्णी आणि कोणाच्या तरी घरातली उशी अडकली होती, आणि वनखात्याची माणसे काठ्या घेऊन कुंपणाच्या कडेने फिरत होती. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि त्या शहराच्या अगदी मधोमध राहतात, हे बडोद्याबाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला थाप वाटते. पण त्या आठवड्यात वस्त्यांमधून, अंगणांतून, एका ठिकाणी तर घराच्या छपरावरून मगरी दिसल्याच्या बातम्या आणि चित्रफिती देशभर पोहोचल्या. आमच्या मैदानात मगर निघाली नाही. तरीही पुढे मैदान पुन्हा खेळण्याजोगे झाल्यावरही सुरुवातीला कोणी गोलच्या मागे गेलेला चेंडू आणायला तयार होत नसे, आणि मी शिक्षक असल्याने मलाच जावे लागे.

मैदान सुकायला महिना लागणार हे उघड होते. तीन मुलांच्या घरात पाणी शिरले होते. ती दहा-बारा दिवस आलीच नाहीत आणि मी विचारलेही नाही. उरलेल्यांसाठी मी ओळखीच्या एका शिक्षकाकडे गेलो. त्यांच्या संस्थेचे बास्केटबॉलचे सिमेंटचे कोर्ट उंचावर असल्याने कोरडे राहिले होते. ते मनाने उदार आणि तोंडाने फटकळ आहेत. “कोर्ट घ्या, पण रिंगला चेंडू लागला तर मी तुमच्या गोलपोस्टवर कपडे वाळत घालीन,” असे म्हणून त्यांनी किल्ली दिली. बास्केटबॉलचे कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, म्हणजे ४२० चौरस मीटर. १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉलच्या मैदानात अशी सतरा कोर्टे बसतात. मी पहिल्या दिवशी दारात उभा राहून मनात हा गुणाकार केला आणि हा हंगाम बुडाला असे समजून आत गेलो.

माझे वडील जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात. बडोद्याच्या मराठी घरांत ही गोष्ट त्या काळी कुलाचारासारखी होती. जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी तिथे मल्लखांब, कुस्ती, लाठी आणि कवायत यांची जी परंपरा रुजवली, तिचा दबदबा आमच्या लहानपणीही होता. व्यायामावर दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध करणारे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार बडोद्याचेच, त्यामुळे वडिलांच्या दृष्टीने जगातला सगळा व्यायाम सांगून आणि लिहून झालेला होता आणि माझा फुटबॉल ही एक उपरी वस्तू होती. एकदा मी पोलो मैदानाच्या विस्ताराचे कौतुक करत होतो तेव्हा ते म्हणाले होते, “मैदान मोठे असले की माणसाला पळून जायला जागा मिळते. हौद्यात ती नसते, म्हणून हौद्यात माणूस शिकतो.” कुस्तीच्या आखाड्यातल्या मातीच्या चौकोनाला हौदा म्हणतात. मला तेव्हा ते म्हाताऱ्याचे बोलणे वाटले. बास्केटबॉलच्या कोर्टाच्या दारात ते आठवले असे लिहिणे मला आवडले असते, पण खरे असे की ते आठवले नाही. ते फार उशिरा, डिसेंबरात आठवले.

कोर्टावर मी जे केले त्यात फारशी कल्पकता नव्हती. अडचणीने जे सुचवले ते केले. चारास चार असे दोन संघ आत, आणि आणखी चौघे रेषेबाहेर भिंतीसारखे उभे, ज्यांच्याकडे चेंडू द्यायचा आणि जे एका स्पर्शात परत देणार. गोलऐवजी दोन्ही टोकांना प्लास्टिकची एकेक खुर्ची, आणि खुर्चीच्या पायांमधून चेंडू गेला तर गोल. सिमेंटवर चेंडू फार उसळतो म्हणून त्यातली थोडी हवा काढून टाकलेली. स्टडचे बूट बंद, कॅनव्हासचे चालू. चाळीस मिनिटांच्या वर खेळायचे नाही, कारण सिमेंट गुडघ्यांना क्षमा करत नाही. बाकीची मुले कोपऱ्यात ‘डॉगी’ खेळत, म्हणजे पाच जणांचे रिंगण आणि मधल्या दोघांनी चेंडू हिसकवायचा.

उंच मारायला जागाच नव्हती. वर मारलेला चेंडू कुंपणाबाहेरच्या कडुनिंबात जाई आणि ज्याने मारला त्याने तो काढायचा, असा नियम होता. पळायलाही जागा नव्हती. चार पावले टाकली की समोर कोणीतरी. मोठ्या मैदानावर एखाद्या मुलाकडे दोन-तीन मिनिटे चेंडू येतच नाही आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. कोर्टावर चेंडू दर काही क्षणांनी पायाशी येऊन आदळे, आणि तो येण्यापूर्वीच पुढे कोणाकडे द्यायचा हे ठरवलेले नसेल तर गेलाच. दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट मला दिसू लागली. मुले चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहू लागली होती. अठरा वर्षे मी बाजूच्या रेषेवरून “मान फिरवा!” असे ओरडत आलो, आणि अठरा वर्षे मुलांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिले. आता डभोईवाला इतरांवर “डोकुं फेरव, डोकुं फेरव!” असे ओरडत होता आणि मला काही बोलावेच लागत नव्हते.

वाघोडियाच्या लहानखुऱ्या मुलाचे तर रूपांतरच झाले. त्याला वेग नव्हता, उंची नव्हती, लाथेत जोर नव्हता. माझ्या चाचणीत जे जे मोजले जाते त्या सगळ्यात तो शेवटून पहिला होता. पण तीन मीटरांच्या जागेत तो अंग वळवून अशा दिशेने निसटे की समोरचा धड लाथही घालू शकत नसे. आणि गोलरक्षक. खुर्चीला गोलरक्षक लागत नाही, म्हणून त्याला काय काम द्यावे हा प्रश्न होता. त्याच्या आईचे वाक्य आठवले आणि मी त्याला पळवले, म्हणजे इतरांसारखा पायाने खेळायला आत घातले. महिन्याभरात त्याचा उजवा पाय आमच्या दोन बचावपटूंच्या चार पायांपेक्षा भरवशाचा झाला. सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या संघाने १९६२ साली जकार्त्याला दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक आणले, ते मुळात शाळेत शिक्षक होते. त्यांच्याविषयी वाचलेले मी मुलांना नेहमी सांगतो. त्या वर्षी सांगताना माझ्या आवाजात थोडा गर्व आला होता. आपणही काहीतरी घडवत आहोत असे वाटू लागले होते. घडवत होता तो पूर.

गणपतीत सराव अर्ध्यावर आला, त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दांडिया बाजारातल्या मराठी मुलांना आणि मांडवीच्या गुजराती मुलांना विसर्जनापर्यंत धरून ठेवणे कोणालाही जमलेले नाही, आणि मीच त्यांच्या वयाचा असताना सरावाला दांडी मारून ताशा वाजवलेला आहे.

नवरात्र ही निराळी बाब. ३ ऑक्टोबरला घट बसले आणि त्याआधी चार दिवस मी फर्मान काढले की संघातल्या कोणी गरबा खेळायचा नाही. बडोद्यात राहून हे म्हणणे म्हणजे पंढरपुरात राहून एकादशीला टाळ वाजवू नका म्हणण्यासारखे आहे, हे मला ठाऊक होते, तरी म्हटले. मुलांनी मान डोलावली आणि रात्री गेली. बडोद्याचा गरबा पुष्कळसा अनवाणी खेळला जातो. हजारो माणसे गोलाकार फिरत असतात, तीन-चार तास, मातीवर. तिसऱ्या दिवशी पादऱ्याचा विंगर दोन्ही तळव्यांना फोड घेऊन आला आणि त्याला बूट घालवेना. मी बोललो तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले की सर, तुम्हीच सांगितले होते, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. मी त्याला कथेचा उरलेला भागही ऐकवला, की फ्रान्सविरुद्धच्या त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि २–१ असे हरलो. तो म्हणाला, “पण सर, गरब्यात पेनल्टी नसते.” त्यानंतर मी फर्मान मागे घेतले आणि सकाळी सहाचा सराव संध्याकाळी पाचला नेला. हे मला आधीच सुचायला हवे होते. अष्टमीच्या रात्री मकरपुऱ्याच्या मध्यरक्षकाचा घोटा मुरगळला, तो कोणाच्याही लाथेने नव्हे, तर स्वतःच्याच गिरकीत. त्याच्या जागी मी वाघोडियावाल्याला घेतले, कारण दुसरा कोणी नव्हता. त्या जागेवरून तो पुढे हललाच नाही.

दिवाळीनंतर मैदान मिळाले. नवे गवत विरळ होते, पण गाळाने जमिनीचे उंचसखलपण बुजवून टाकले होते, आणि इतके सपाट मैदान आम्हाला पूर्वी कधी मिळाले नव्हते. चुन्याच्या रेषा मारल्यावर मुले आत शिरली आणि सतरापट जागा मिळाल्यावर गोंधळतील असे मला वाटले. ती गोंधळली नाहीत. कोर्टावर तीन मीटरांत जे करत होती तेच ती आठ मीटरांत निवांतपणे करू लागली. स्पर्धेचा पहिला सामना आम्ही ४–० जिंकला. समोरच्या संघात पायजम्यावर खेळणारे दोघे होते, त्यामुळे त्याचे कौतुक नको. उपांत्यपूर्व सामना १–० जिंकला आणि तो एक गोल मी मरेपर्यंत विसरणार नाही. गोलरक्षकाच्या पायापासून निघालेला चेंडू अकरा पासांनंतर, एकदाही गुडघ्याच्या वर न उडता, प्रतिस्पर्ध्याच्या जाळीत गेला. प्रेक्षकांत वीस-पंचवीस माणसे होती आणि त्यांतली निम्मी पुढच्या सामन्याचे खेळाडू होते. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आजूबाजूला पाहत होतो, की हे कोणी माझे म्हणून पाहते आहे का.

मग उपांत्य सामना. आम्ही २–१ ने पुढे होतो, दहा मिनिटे उरली होती. गोलरक्षकाने पायाशी आलेला चेंडू नेहमीप्रमाणे बाजूच्या बचावपटूकडे सरकवला, पास थोडा कमी पडला, त्यांच्या आघाडीपटूने तो मध्येच उचलला आणि रिकाम्या गोलात ढकलला. २–२. जादा वेळेत काही झाले नाही आणि सामना पेनल्टींवर गेला. त्याच मुलाने त्यांच्या दोन पेनल्टी अडवल्या आणि आम्ही ४–३ ने अंतिम सामन्यात पोहोचलो. मुलांनी त्याला खांद्यावर घेतले. घरी आल्यावर मला झोप लागली नाही, आणि डोळ्यांसमोर त्या दोन अडवलेल्या पेनल्टी नव्हत्या, तो एक कमी पडलेला पास होता. त्या पासासारखे आणखी शेकडो पास त्याने त्या स्पर्धेत दिले होते आणि ते बरोबर पोहोचले होते. बरोबर पोहोचलेला पास डोळ्यांत भरत नाही. त्याच्यानंतर पुढचा पास येतो आणि पहिला विसरला जातो. चुकलेला मात्र गोलच्या रूपाने फलकावर लिहिला जातो. रात्री दोन वाजता मी उठून वहीत लिहिले, ‘उद्या गोलकीपर लांब मारेल.’ ते पान अजून आहे.

सकाळी मी ते संघाला सांगितले तेव्हा कोणी वाद घातला नाही, आणि आता वाटते की निदान एकाने तरी घालायला हवा होता. डभोईवाल्याने फक्त विचारले, “आखी मॅच, सर?” पूर्ण सामना? मी म्हणालो, हो, धोका नको. गोलरक्षक बुटाची नाडी बांधत होता आणि त्याने वर पाहिले नाही. त्याला माझ्या बोलण्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळला होता.

समोरचा संघ आमच्यापेक्षा तगडा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचे मधले दोन्ही बचावपटू सहा फुटांच्या आसपासचे होते, आणि आमचा गोलरक्षक जो चेंडू वर मारी तो त्यांच्या डोक्यावर पिकल्या फळासारखा पडे. आमचा वाघोडियावाला, ज्याच्यामुळे आम्ही इथवर आलो होतो, मान वर करून डोक्यावरून इकडून तिकडे जाणारा चेंडू पाहत राहिला. त्याची उंची पाच फूट चार इंच आहे. मध्यंतराला ०–० होते आणि मी मुलांना शाबासकी दिली. ६४ व्या मिनिटाला गोलरक्षकाचा उंच चेंडू त्यांच्या बचावपटूने डोक्याने परत पाठवला, तो मध्ये सांडला, आमचे दोघे एकमेकांकडे पाहत राहिले आणि त्यांच्या विंगरने तो घेऊन सरळ गोल केला. मग मी आणखी एक शहाणपण केले. १९६२ च्या त्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगांना रहीमसाहेबांनी बचावातून काढून आघाडीला घातले होते आणि त्यांनी गोल केला होता, ही कथा मी इतक्यांदा सांगितलेली आहे की ती माझ्या अंगवळणी पडली आहे. मी फतेगंजच्या उंच बचावपटूला पुढे पाठवले. जर्नेलसिंग मुळात काय दर्जाचे खेळाडू होते हा तपशील मी त्या क्षणी सोयीने विसरलो. फतेगंजवाला पुढे जाऊन ज्या ठिकाणी उभा राहिला तिथे तो पुढच्या दहा मिनिटांत तीन वेळा ऑफसाइड झाला.

शेवटची पाच-सहा मिनिटे मला आजही स्पष्ट दिसतात. गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला. मी रेषेवरून दोन्ही हात वर करून ओरडलो, “लांब! लांब मार!” त्याने माझ्याकडे पाहिले. डभोईवाला त्याच्यापासून दहा पावलांवर, पाठीवर एक प्रतिस्पर्धी घेऊन, हात खाली करून चेंडू मागत उभा होता. गोलरक्षकाने चेंडू जमिनीवर ठेवला आणि त्याच्याकडे सरकवला. मी पुन्हा ओरडलो. डभोईवाल्याने मान वळवली, पण माझ्याकडे नव्हे. मागे, मग उजवीकडे. आणि एका स्पर्शात चेंडू वाघोडियावाल्याला दिला. तिथून पुढे त्यांनी जो खेळ केला त्यात माझा काहीही भाग नव्हता. चेंडू कोर्टावर फिरे तसा फिरू लागला, त्यांचे उंच बचावपटू वळता वळता दमू लागले, दोन वेळा आम्ही त्यांच्या गोलसमोर होतो, आणि भरपाईच्या वेळेत पादऱ्याच्या विंगरचा फटका खांबाला लागून बाहेर गेला. मी त्याआधीच ओरडणे थांबवले होते. थांबलो ते समजून नव्हे. घसा बसला होता.

०–१. मुले रडली, मी त्यांना पाणी दिले, चषक दुसऱ्यांनी उचलला, आणि बसमध्ये कोणीतरी नवरात्रातले एक गाणे लावल्यावर अर्ध्या तासात सगळे नाचत होते. त्या वयाचे हे एक बरे असते. मी पुढच्या सीटवर बसून काच पुसत राहिलो.

वही हातात आल्यावर मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. तो संघ चांगला होता. छोट्या पासांचा खेळ आम्ही सुरुवातीपासून केला असता तर कदाचित ०–३ ने हरलो असतो. एका चुकीने उपांत्य सामना जवळजवळ गेला होता हे खोटे नव्हते. हे सगळे मी आजही खोडून काढू शकत नाही. पण १९ पैकी ४ हा आकडा पाहिल्यावर जे मनात आले ते युक्तिवादाच्या आधीचे होते. मुलांना जे येत होते ते मी पाहिले होते, त्याचे श्रेयही मनातल्या मनात घेतले होते, आणि घाबरल्यावर मात्र मी त्यांना माझ्या तरुणपणाच्या पोलो मैदानावर नेऊन उभे केले, जिथे भेगा होत्या आणि म्हशींची पावले होती. त्यांच्या पायांखालची जमीन सपाट होती हे मला दिसले नाही. वडिलांचे हौद्याबद्दलचे वाक्य मला त्या दिवशी आठवले, आणि त्यांच्यासमोर ते मान्य करण्याची सोय आता उरलेली नाही याची हळहळ वाटली.

विद्यापीठाच्या संघासाठी आमच्या दोघांची निवड झाली, गोलरक्षकाची आणि वाघोडियावाल्याची. निवड समितीतल्या एकाने मला फोन करून विचारले, की हा छोटा मुलगा तुम्ही कुठून शोधलात. मी म्हणालो, बाविसावा म्हणून घेतला होता. त्यांना तो विनय वाटला. गोलरक्षकाची आई पुन्हा मंडईत भेटली तेव्हा तिने पेपरातले कात्रण पर्समधून काढून दाखवले, त्यात तिच्या मुलाचे आडनाव चुकीचे छापले होते. “पण फोटो त्याचाच आहे ना, सर?” तिने विचारले. त्याचाच होता. अंतिम सामन्याविषयी त्याच्याशी बोलायचे मी जानेवारीपर्यंत टाळले. एके दिवशी सरावानंतर जाळी गुंडाळताना मी म्हणालो, की त्या दिवशी तुला लांब मारायला सांगितले ते मी घाबरून सांगितले. तो जाळीची गाठ सोडवत म्हणाला, “मला माहीत होतं, सर. मीपण घाबरलो होतो. म्हणून तर ऐकलं.”

यंदा जुलैत मैदान उत्तम स्थितीत होते. चाचणी झाली, २३ मुले घेतली, आणि पहिल्या सोमवारी मी पुन्हा त्या बास्केटबॉलच्या शिक्षकांकडे कोर्टाची किल्ली मागायला गेलो. त्यांनी आधी कपाटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. गेल्या वर्षी पाय मोडलेल्या दोन खुर्च्यांचे ते बिल होते. मी पैसे दिले. किल्ली हातात देताना ते खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडे पाहत म्हणाले, “पण यंदा तुमचे मैदान तर कोरडे आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो, “आणखी दोन खुर्च्या मिळतील का?”